झोपलेला लिनक्स फोन वाजला!

मैत्रिणींनो, आज सकाळभर आमसुलं वाळत घालताना मी दर पाच मिनिटांनी फोनला बोट लावत होते.

माझ्या जुन्या फोनचे अपडेट बंद झाले, म्हणून भाची रेवाने गेल्या आठवड्यात त्यात लिनक्स ही वेगळी सिस्टीम घातली. छान चालतो, पण स्क्रीन काळी झाली की झोपायचा आणि रिंगच वाजायची नाही. काल तिने ते दुरुस्त केलं, तरी माझा विश्वास बसेना. जहाजावरचा माझा मुलगा आज तीन आठवड्यांनी बंदरातून फोन करणार होता.

रेवा हसली. "मावशी, फोन झोपलो तरी वाजतलो. कित्याक जागवतंस त्येका?"

पूर्वी मुलाच्या बाबांच्या ट्रंक कॉलसाठी मी कट्टा गावच्या पोस्टात अशीच बसून राहायचे.

शेवटी माझे हात कोकमाने लाल झाले. फोनला शिवता येईना. स्क्रीन काळी झाली.

आणि तो वाजला! तशाच लाल हाताने मी उचलला.

"आये, एका रिंगीत उचललंस? फोनार बसलेलंस काय गो?"

"नाय रे, आमसुलां घालतंय." मी अर्धंच खरं सांगितलं.

आता फोन झोपलाय. मीही तासभर आडवी होते. तुम्ही कोणाच्या फोनसाठी अशा जागता?