पलीकडून तीन ठोके

सतरा वर्षं इंजिनिअर रेजिमेंटमध्ये काढून मी हवालदार म्हणून पेन्शनवर आलो, आणि पुढचं पोस्टिंग मिळालं मीरा रोडला. पोस्टिंग म्हणायची सवय सुटलेली नव्हती. खरं तर ती साधी नोकरी होती, सेफ्टी सुपरवायझरची. साल दोन हजार सहा. हायवेच्या अंगाला एक मॉल उभा राहत होता आणि त्याच्या तिसऱ्या मजल्यावर सिनेमाची चार थिएटरं. मी पेणकरपाड्यात खोली घेतली होती. पावणेआठला साइटवर हजर, आठला हजेरी, सव्वाआठला सगळ्यांना रांगेत उभं करून पाच मिनिटं बोलायचो. कामगार हसायचे. महिनाभरानंतरही हसायचे, पण रांगेत उभे राहून.

साइटवरची सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे खिळ्यांची बंदूक. नाव गमतीचं वाटलं तरी ती खरीच बंदूक आहे. आत दारूची छोटी गोळी बसते आणि तिच्या जोरावर पोलादी खिळा काँक्रीटमध्ये शिरतो. गोळीची ताकद रंगावरून ओळखायची: हिरवी हलकी, पिवळी मधली, लाल जबर. नळी भिंतीवर जोराने दाबल्याशिवाय ट्रिगर चालत नाही. गोळी उडाली नाही तर नळी तशीच दाबून ठेवून तीस सेकंद मोजायचे. भरलेली बंदूक खाली ठेवायची नाही, नळी माणसाकडे करायची नाही. डोळ्यांना चष्मा, कानांवर मफ. यात मला शिकण्यासारखं काही नव्हतं, रायफलचेही नियम हेच. फरक एकच होता. रेंजवर टार्गेटच्या मागे काय आहे ते दिसतं. इथे टार्गेट म्हणजे भिंत, आणि भिंतीपलीकडचं काही दिसत नाही.

काँक्रीटच्या कॉलममध्ये खिळा थांबतो. पण दोन कॉलमच्या मधली भिंत पोकळ ब्लॉकची असते. तिथे मारलेला खिळा आरपार जातो आणि पलीकडे गोळीसारखा बाहेर पडतो. प्लास्टर झाल्यावर कॉलम कुठे संपला ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून ड्रॉइंग बघून, टेप लावून, कॉलमवर निळ्या खडूने खुणा करण्याचं काम मी स्वतःकडे ठेवलं होतं. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नव्हता.

बंदूक चालवायची परवानगी मी एकाच माणसाला दिली होती. इस्माईल, नया नगरला राहणारा, पस्तिशीचा. त्याचा हात मी कधी घाईत पाहिला नाही. प्रत्येक खिळ्याआधी तो नळी पुसायचा, भिंतीवरून तळवा फिरवायचा आणि मगच बंदूक टेकवायचा. दुसरा माझा माणूस म्हणजे दत्ताराम पाटील, गोडदेव गावचे. वय बावन्न. अर्धं आयुष्य भाईंदरच्या मिठागरात गेलेलं, तळवे कायमचे फुटलेले. साइटवर सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही. मामा माझा सेंट्री. खिळे मारायचं काम चालू असताना पलीकडच्या बाजूला कोणी फिरकू नये, एवढीच त्याची ड्यूटी. त्यासाठी मी त्याला बांबूला बांधलेला लाल झेंडा दिला होता. झेंडा तो असा धरायचा की मला बटालियनची परेड आठवायची.

थिएटरच्या आतलं वातावरण काही बरं नव्हतं. खिडकी नाही, भिंती काळ्या, उजेडाला एक हॅलोजन. भिंतीवर पत्र्याचे चॅनल ठोकून त्यात काचेच्या लोकरीचे गादीसारखे थर भरायचं काम चालू होतं, म्हणजे एका थिएटरचा आवाज दुसऱ्यात जात नाही. एकेक भिंत भरत गेली तसा आतला आवाज कमी होत गेला. बोललेलं पुढे जायचं नाही, तोंडाशीच पडायचं. शेजारी उभा माणूस खोकला तर लांबून कोणी खोकल्यासारखं वाटायचं. बाहेर रणरणतं ऊन आणि आत पाऊल टाकलं की दिवस संपलेला. इस्माईल पहिल्याच दिवशी म्हणाला, "फौजीसाब, यहाँ आवाज़ मरती है." मामाने वेगळंच सांगितलं.

"हिथं खाडीचं पानी व्हतं, साहेब. मी गुडघ्यापर्यंत उभा ऱ्हायलोय हिथं. आता तिसऱ्या माल्यावर हाय, तरी पायाला थंड लागतं."

मी म्हटलं, "मामा, बूट घाला, थंड लागणार नाही."

स्क्रीन टू आणि स्क्रीन थ्री यांच्यामध्ये एकच भिंत होती. आम्ही टूमधून खिळे मारणार, मामा थ्रीमध्ये पहाऱ्यावर. पहिल्या दिवशी वॉकी-टॉकी दिले.

"थ्री, धिस इज टू. एरिया क्लियर? ओव्हर."

"हां साहेब, क्लेर हाय. ओवर."

पुढे नुसती खरखर. काँक्रीट आणि पत्रा, सेट काय पकडणार. मोबाइलला रेंज नाही. तेव्हा मी ठोक्यांचं ड्रिल काढलं. मामाने स्क्रीन थ्री रिकामा करायचा, भिंतीवर झेंड्याच्या बांबूने तीन ठोके द्यायचे आणि दहा पावलं दाराकडे जायचं. तीन ठोके म्हणजे ऑल क्लियर. इस्माईलच्या कानांवर मफ, त्याला ठोके ऐकू यायचे नाहीत. ते मी ऐकायचे, दहा अंक मोजायचे आणि त्याच्या खांद्यावर थाप मारायची. थाप म्हणजे फायर. ठोके नाहीत तर थाप नाही. हे ड्रिल मला भारी आवडलं होतं. मी ते वहीत सुवाच्य अक्षरात लिहून प्रोजेक्ट मॅनेजरची सहीसुद्धा घेतली.

नऊ दिवस ड्रिल घड्याळासारखं चाललं. मामाची ठोकायची एक रीत होती. दोन पटापट, मग जरा थांबून तिसरा.

दहावा दिवस. कॉलम चार. अकरा चाळीसला ठोके आले, मामाच्या रीतीने. मी दहा मोजले, थाप मारली. इस्माईलने फायर केलं. मग त्याने मफ वर सरकवला आणि हॅलोजन जवळ ओढला.

"साब, कील दिखती नहीं. अंदर चली गई."

चॅनलला नुसतं भोक होतं. मी बोट लावून पाहिलं. मला वाटलं, गोळी जास्त ताकदीची लागली.

"पीली निकालो, हरी डालो."

तिथेच काम थांबवायला हवं होतं. खिळा पूर्ण आत गेला म्हणजे मागे काँक्रीट नाही, हे मीच रोज सव्वाआठला रांगेत शिकवत होतो. मी थांबवलं नाही, पण थोडी धाकधूक वाटली. मी भिंतीला कान लावला आणि ओरडलो, "मामा?"

क्षणभर काही नाही. मग तीन ठोके आले.

माझा जीव भांड्यात पडला. "शाबास, मामा," मी म्हटलं. या वेळी इस्माईलने खुणेच्या मधोमध नळी धरली. दहा मोजले, थाप. खिळा नीट बसला.

अकरा त्रेचाळीस. पुन्हा तीन ठोके. पण खालून, गुडघ्याच्या उंचीवरून. बांबूचा टणक आवाजही नव्हता, हाताने ठोकल्यासारखा दबका. मी इस्माईलला खुणेने सांगितलं, मामा बसला वाटतं. मी हसलो, मला बघून तोही हसला. थाप. फायर.

अकरा सेहेचाळीस. ठोके आणखी खालून आले, फरशीला लागून. मामाची रीत नव्हती त्यात. एक. बऱ्याच वेळाने दुसरा. तिसऱ्यासाठी मला श्वास रोखून थांबावं लागलं. मनात आलं, हा ठोकणारा मामा नाही, पलीकडे दुसरंच कोणी आहे. अंगावर सरसरून काटा आला. दिवसाढवळ्या काटा कसला येतो म्हणून मी स्वतःला एक शिवी हासडली. तिसरा ठोका आला. तीन पुरे झाले होते. "शाबास," म्हटलं आणि थाप मारली.

अकरा एकोणपन्नास. ठोके आले नाहीत. ड्रिलप्रमाणे मी फायर थांबवलं.

एक मिनिट वाट पाहिली. इस्माईलने बंदूक रिकामी करून पेटीत ठेवली. टूमधून थ्रीमध्ये जायला बाहेरच्या लॉबीतून वळसा घालावा लागायचा. मी चालत निघालो. पळालो नाही, हे मला सांगायलाच हवं. थ्रीच्या दाराशी मी विचारलं, "मामा, झोपला काय?"

मामा भिंतीच्या पायथ्याशी कुशीवर पडला होता. खिळा जबड्याखाली, मानेत लागला होता, त्यामुळे तोंडातून आवाज फुटला नसावा. झेंडा त्याच्या अंगाखाली होता. कदाचित झेंडा हातातून घसरला असेल आणि मामा तो उचलायला वाकला असेल. दहा पावलं दूर असायला हवा होता तो भिंतीशी का होता, ते कधीच कळलं नाही. भिंतीवर मात्र सगळं स्पष्ट होतं. हाताचे लाल ठसे, तीन जागी, एकाखाली एक.

आम्ही चौघांनी त्याला दाराच्या सुट्या फळीवर घालून खाली नेलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "किती वाजता लागलं?" मी म्हटलं, "अकरा चाळीस." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. मामा गेलेला होता.

दुपारी मी परत जाऊन टेप लावली. कॉलम चारची माझी निळी खूण एका कडेला चार बोटं बाहेर पडली होती, आणि पहिला खिळा त्याच कडेला होता. ब्लॉकवर.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. टाइप केलेला कागद तयार होता. ऑपरेटरने खूण सोडून परस्पर खिळा मारला, सेंट्री जागीच ठार झाला, असं लिहिलेलं. खाली माझ्या सहीची जागा.

"साळवे, सही करा आणि मोकळे व्हा. पोलिसांना एक नाव लागतं. तुमचं रेकॉर्ड क्लीन आहे, कशाला डाग लावून घेताय?"

"सर, थाप मी मारली. चारही वेळा."

"ते कोणी पाहिलं?"

"इस्माईलने."

"त्याचं कोण ऐकणार?"

इस्माईल बाहेर सिमेंटच्या गोणीवर बसला होता. त्याने दोन दिवसांत मला एकच प्रश्न विचारला होता. मफमुळे त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं, म्हणून. "साब, वो ठोक रहे थे क्या?" मी हो म्हटलं. तेव्हापासून तो माझ्याकडे बघत नव्हता.

तो कागद मी सही न करता परत दिला. माझा जबाब मी स्वतःच्या हाताने लिहिला, वेळेसकट. खूण माझी, ड्रिल माझं, फायरची ऑर्डर माझी. ऑपरेटरने हुकूम पाळला. इस्माईलचं नाव वगळलं गेलं आणि केस माझ्यावर लागली. नोकरी त्याच आठवड्यात गेली. तारखा बरीच वर्षं चालल्या. त्याबद्दल मला तक्रार नाही.

साइट बंद झाली नाही. सोमवारी माणसं कामावर आली, पण स्क्रीन टूमध्ये जायला कोणी तयार होईना. आतून ठोके येतात म्हणायचे. माझं सामान घ्यायला गेलो तेव्हा मी एकटा आत जाऊन उभा राहिलो, भिंतीला कान लावून. अर्धा तास थांबलो. काही आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

पुढे ज्या ज्या साइटवर मला घेतलं, तिथे मी ड्रिल बदललं. खूण केलेल्या जागी आधी हातोडीने एक खिळा ठोकून बघायचा. सहज शिरला किंवा भिंतीला तडा गेला, तर तिथे बंदूक लावायची नाही. पलीकडचा माणूस कायम नजरेत हवा, मधे वळण असेल तर वळणावर दुसरा माणूस उभा करायचा. आणि भिंतीतून कसलाही आवाज आला, एक ठोका का असेना, की बंदूक खाली. होकारासाठी आवाज वापरायचा नाही. मदत मागणाऱ्याकडे तोच एक असतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. जबाब लिहून देण्याआधी मी गोडदेवला मामाच्या घरी गेलो. चारी बाजूंनी इमारती, मधे त्यांचं कौलारू घर. मामी ओट्यावर बसल्या होत्या. ऑफिसची माणसं येऊन गेली होती.

"ते लोक बोललं, तो जागच्या जागी गेला," मामी म्हणाल्या. "कायेक तरास झाला न्हाय. मी देवाला हात जोडलं."

त्यांना तेवढंच राहू द्यावं, असं मला फार वाटलं. पण जागच्या जागी गेला, हे खोटं उभं राहिलं की ठोके झालेच नाहीत असं ठरत होतं, आणि ठोके नाहीत तर माझी थापही नाही. मग सगळं इस्माईलवर. उद्या कोर्टात त्यांना हे दुसऱ्याच्या तोंडून कळलं असतं. मी सगळं सांगितलं, वेळेप्रमाणे.

मामींनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"म्हंजे तो हाका मारीत व्हता."

"होय, मामी."

"आनि तुमी पलीकडं आयकत व्हतां."

"होय."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मना वाटलेलं, मरताना त्याचं आयकायला कोनीच नव्हतं," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. त्यांना खरोखरच थोडं बरं वाटलं होतं.

मी तिथेच, त्यांच्या समोर, रडलो. दत्ताराम पाटील, राहणार गोडदेव, सेंट्री, स्क्रीन थ्री, शेवटच्या ठोक्यापर्यंत मला बोलावत होते, आणि मी त्यांना शाबास म्हणत होतो.