कोंबड्याचा जामीन आणि मामाची मुदत

आमच्या कोंबड्याने मामाच्या शर्टावर घाण केली, तीही नुकत्याच धुऊन दोरीवर टाकलेल्या पांढऱ्या शर्टावर. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. भांडुपला आमच्याच खोलीत राहायचा आणि सरकारी वकिलांच्या ऑफिसात कारकून होता. तोरा मात्र असा, की जज्ज यालाच विचारून जेवायला उठतात. त्याने कोंबड्याला टोपलीखाली कोंडलं आणि जाहीर केलं, "कस्टडी! गटारीला याचा रस्सा."

मी कॉलेजात जाणारी एवढी घोडी, पण भोकाड पसरलं. पिल्लू होता तेव्हापासून मी वाढवलेला तो! शेवटी आई जज्ज झाली, मी जामीन राहिले आणि आई म्हणाली, "सोडा त्याका."

आता, मामाच आम्हाला रोज जेवताना ऐकवायचा, जामीन मिळाला की प्रॉसिक्युशनने, म्हणजे सरकारी पक्षाने, तिथल्या तिथे उठून सांगायचं, आम्ही वरच्या कोर्टात अपिलाला जाणार, तोवर आरोपीला सोडू नका. आरोपी एकदा दाराबाहेर गेला की बसा बोंबलत. पण ऐन वेळी याच्याच तोंडात तंबाखूचा बार! "ऊं, ऊं" करत तो मोरीकडे धावला, तेवढ्यात मी टोपली उचलली. आरोपी थेट कौलांवर.

"ही चीटिंग आहे, ताई!" मामा थयथयाट करू लागला. आईला भावाची दया आली. "बरा, अपील करूक आखाड संपासर मुदत. श्रावण लागलो की केस बंद."

झालं, माझा जीव टांगणीला. कॉलेजातून आल्या आल्या आधी कौलांकडे बघायचे. मामा रोज म्हणायचा, "आज साहेबांचं काम निघालं यार, उद्या बघतो." गटारीला तर तो मटणच घेऊन आला. म्हणे कोंबडा जून झालाय, शिजायचा नाही. श्रावण लागला आणि मी कोंबड्याला ओवाळायचीच काय ती बाकी राहिले.

पण श्रावण सरल्यावर बाबांनी डिवचलंच. "काय वकीलसाहेब, कोंबड्याकडून हरलात ना?" शेजारी फिदीफिदी हसले. मामा पेटला. "उशीर माफ करायचा अर्ज करतो! कारण सबळ असलं तर कोर्टाला ऐकावंच लागतं."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कारण काय ता सांग. एकेका दिवसाचा."

मामा त्याच पांढऱ्या शर्टाची कॉलर ताठ करून उभा राहिला. "त्याचं असं झालं..."

एवढ्यात आरोपी स्वतःहून आत आला. फडफडत मामाच्या खांद्यावर बसला, मान खाली घातली आणि शर्टाच्या खिशात चोच खुपसून शेंगदाणे टिपू लागला. खिसा त्याच्या रोजच्या सवयीचा दिसत होता.

मामाचे कान लालबुंद.

"मामा, तू रोज देतोस त्याला?" मी विचारलं.

"गप गं! कोर्टात हजर राहणाऱ्याला भत्ता द्यावा लागतो."

मला हसूही आवरेना आणि रडूही. असा राग आला मामाचा, आणि असा लाडका वाटला मेला! तेवढ्यात कोंबड्याने पुन्हा तोच गुन्हा केला, त्याच शर्टावर. मामाने एकदा शर्टाकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि खिशातले उरलेले दाणे काढून त्याच्यापुढे धरले.