अक्काचा फोटो

धारला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो, असली कामं. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी अक्का तेव्हा गावातल्याच सरकारी शाळेत शिकवायची. चौतिशी उलटली होती, लग्न जमलं नव्हतं. देवासहून एक स्थळ आलं आणि त्यांनी फोटो मागवला. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, जबडा थोडा बारीक कर, कांजिण्यांचे व्रण काढ, रंग उजळ कर. अक्काला काही विचारायचं आम्हा दोघांपैकी कोणाच्या मनातही आलं नाही.

फोटो मी नव्या कॅमेऱ्यानं काढला होता. संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडला, जबड्याची कड आत ढकलायला लागलो, तर स्क्रीन पांढुरकी झाली आणि प्रोग्राम आपोआप बंद पडला. पुन्हा उघडला, पुन्हा तेच. व्रण काढेपर्यंत चालायचा, जबड्याला हात लावला की बंद. मी सगळ्या सेटिंग्ज मूळ जागी आणल्या, जास्तीचे फिल्टर काढले, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला. शेवटी अख्खा प्रोग्राम काढून परत टाकला. दोन दिवस गेले. तपासायला म्हणून एका ग्राहकाच्या मुलीचा जुना फोटो घेतला आणि तिचा जबडा हवा तसा वळवला. काही झालं नाही. अक्काचा उघडला, बंद.

तिसऱ्या दिवशी दुपारी इंदूरच्या एका ओळखीच्या कॉम्प्युटर मेकॅनिकला फोन लावला. हात मोकळे हवेत म्हणून स्पीकरवर. अक्का माझ्या मागे दिवाणावर बसून मटार सोलत होती. मेकॅनिकनं विचारलं, एकाच फोटोवर बंद पडतं का? मी हो म्हणालो. मग वैतागून, आणि खरं सांगायचं तर त्याला हसवण्यासाठी, म्हणालो, "भिया, मशीन भी हाथ जोड़ रही है. कह रही है, इस चेहरे का मुझसे कुछ नहीं होगा."

तो मोठ्यानं हसला. मीही हसलो. मागे शेंगा सोलल्याचा आवाज थांबला नाही.

मग त्यानं सांगितलं, फाइल मोठी असेल, मेमरी कमी पडत असेल. कॅबिनेट उघड, रॅमच्या पट्ट्या काढ आणि त्यांच्या सोनेरी कडा पेन्सिलच्या रबरानं घासून परत बसव. मी पट्ट्या काढल्या. घरात रबर कुठे असणार? मी मागे न वळताच विचारलं, "अक्का, तुझ्या पर्समध्ये रबर असेल ना?"

ती उठली, पर्स उघडली, पोरांच्या वह्या तपासताना लागायचा तो रबर माझ्या हातात ठेवला आणि परत मटार सोलायला बसली.

एक पट्टी नीट बसलेलीच नव्हती. घासून दाबून बसवली आणि प्रोग्राम चालू लागला. आई येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. अजून थोडं, म्हणाली. मी अजून थोडं केलं. हनुवटी टोकदार झाली, गाल सपाट झाले, रंग दोन घरं चढला. अक्कानं वाकून पाहिलं आणि "ही कोण?" एवढंच विचारलं. आई म्हणाली, तिथे जाताना मेकअप करू.

देवासला मुलाच्या आत्याकडे बोलावलं होतं. ते लोक तीन पिढ्यांपासून माळव्यातले, पण मराठी अगदी जुन्या वळणाचं. पोहे आले, चहा आला. मुलाच्या आईनं फोनवर आमचा फोटो उघडून टेबलावर ठेवला होता. तिनं अक्काकडे बघून हसून म्हटलं, "या थोरल्या वाटतं. फोटोतल्या धाकट्या नाही आल्या?"

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं. आई म्हणाली, हीच ती. त्या बाईनं फोन उचलला, अक्काच्या चेहऱ्याशेजारी धरला, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि फोन आत्याकडे दिला. आत्यानंही तसंच केलं. अक्का मान वर करून बसून राहिली. तिला मान खाली घालता आली असती.

निघताना मुलगा मला दारापाशी भेटला. फोटोत कुठेही जोड दिसत नाही, हात फार सफाईचा आहे, असं म्हणाला. त्याच्या चुलत भावाचं लग्न ठरलं होतं, अल्बमसाठी माणूस हवा होता. माझा नंबर मागितला. अक्का दोन पावलांवर चप्पल घालत होती. मी नंबर दिला. पुढे ते कामही केलं.

परतताना इंदूर मागे पडलं आणि आई अक्कावरच घसरली. मेकअप नीट करू दिला नाहीस, जरा हसली असतीस तर काय बिघडलं असतं, असं घर येईपर्यंत चाललं. मी गाडी चालवत होतो. आईला थांबवलं नाही.

दोन महिन्यांत अक्कानं सरदारपूरकडच्या एका शाळेत बदली मागून घेतली. तिकडे जायला कोणी तयार नसतं, म्हणून लगेच मिळाली. आई रडली, मग रागावली, मग लोकांना सांगू लागली की पोरीला घर नकोसं झालंय.

वर्षभरानं मी एकदा तिच्या खोलीवर गेलो. छान लावलेली खोली होती, खिडकीत तुळस, भिंतीवर पोरांनी काढलेली चित्रं. मी सगळं बोललो. फोनवर हसलो ते, नंबर दिला ते. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुला बरं वाटावं म्हणून मी काही म्हणणार नाही," ती म्हणाली. "चहा घे. तुझी बस साडेचारची आहे."