साडेबाराचं ऊन

पोरांनो, आषाढात तुम्हाला मेलबर्नला फोन केला, तेव्हा "आत्याआजी गेली" एवढंच सांगता आलं. सकाळी चहा घेऊन गेले, तर ती खिडकीकडे तोंड करून शांत पडली होती... बाकीचं आता, महिन्याभरानं लिहिते आहे.

कमल माझी धाकटी नणंद. वळसंगच्या शाळेत तिनं जन्मभर विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर सोलापूरच्या या घरात आम्ही दोघीच उरलो. गेल्या दिवाळीनंतर माझं तुमच्याकडे यायचं तिकीट निघालं होतं, बॅगही भरली होती. कमल न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि बॅग पुन्हा माळ्यावर गेली. त्यानंतर ती पलंगावर आणि मी तिच्या हाकेच्या अंतरावर. दर रविवारी साडेबाराला, दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन फरशीवर जिथे संपे तिथे ती मला पेन्सिलीनं खूण करायला लावी. "घड्याळाचे बारा सोडा. सोलापुरात सूर्य माथ्यावर यायला साडेबारा होतात." मी गुडघा धरून वाकायची, ती वरून सांगायची, "थोडं अलीकडं, वहिनी." डिसेंबरात ऊन पलंगाच्या पायाला लागलं, मग दर आठवड्याला चार-चार बोटं मागं सरकत गेलं.

एप्रिलमध्ये मी फोनवर तुम्हाला सांगत होते, की पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा होतो. पलंगावरून आवाज आला, "मग मेलबर्नला आता थंडी कशी पडायला लागली? आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो ते जानेवारीत. एवढं शिकलात, वहिनी, आणि पोरांना हे सांगता? पृथ्वी कललेली आहे, म्हणून ऋतू." मग उशांच्या आधारानं एका कुशीवर पडलेल्या स्वतःकडे बोट दाखवून म्हणाली, "मी पण कललेय की. बघू कुठला ऋतू येतो."

त्याच आठवड्यात तिची चादर बदलताना माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्यामुळं मी इथं अडकले."

ती वर्गात सांगावं तसं म्हणाली, "सूर्य झाला तेव्हा त्याच्याभोवती वायू आणि धूळ फिरत होती. बरीच सूर्यात पडली, काही उडून गेली. जी पडली नाही आणि सुटलीही नाही, तिच्यातूनच पृथ्वी झाली." मग म्हणाली, "तुम्ही जा, वहिनी. मी बाई ठेवीन."

मी गेले नाही. माफीही मागितली नाही.

शेवटची खूण खिडकीच्या कट्ट्यावर झाली आणि मे महिन्यात ऊन खोलीबाहेर गेलं. "श्रावणात परत येईल," ती म्हणाली, "तेवढी खूण चुकवू नका."

आता तुमचे बाबा रोज विचारतात, "आई, तिकीट काढू का?" अडवणारं कुणी नाही, तरी मला हो म्हणवत नाही. काल रविवार होता. साडेबाराला कट्ट्यावर बोटभर ऊन आलं. जुन्या खुणेशेजारी मी पेन्सिल टेकवली आणि तशीच वाकून राहिले... "थोडं अलीकडं" ऐकू येईपर्यंत हात उचलायची सवय नव्हती.