रांग सोडली तो सोमवार

पत्नी गेल्यापासून माझी पूजा नुसती हातांनी चालली होती. विभूती लावत होतो, बेल वाहत होतो, पण पलीकडे कुणी ऐकतं आहे असं वाटेनासं झालं होतं. देवावर माझा राग होता आणि तो बोलून दाखवण्याचीही मला लाज वाटे.

दर महिन्याला तिच्या तिथीला सकाळीच फोटोपुढे शेवयांची खीर ठेवायची, दिवेलागणीपर्यंत ती हलवायची नाही आणि मग घरातल्या सर्वांत लहान माणसाला ती आधी भरवायची, ही आमच्या घरची रीत. वैशाखातल्या तिथीला माझी मुलगी वैजू तिच्या दीड वर्षाच्या शिवूला घेऊन आली होती. भवानी पेठेतलं आमचं पत्र्याचं घर त्या दिवसांत भट्टीसारखं तापतं. दिवा लागल्यावर वैजूने आईचा प्रसाद म्हणून त्याला वाटीभर खीर भरवली. आम्ही दोघांनी चमचा चमचा चाखली. जराशी आंबूस लागली, पण नैवेद्याला नावं कोण ठेवणार?

दुसऱ्या दिवशी शिवूला ताप आला आणि जुलाब सुरू झाले. दात येत असतील, असं म्हणून आम्ही वाट पाहिली. पाणी दिलं की जुलाब वाढतात या समजुतीने पाणीही बेतानेच दिलं. सोमवारी सकाळी लंगोटात रक्त दिसलं, तशी वैजू घाबरली. "अप्पा, दवाखान्यात चला." मी म्हणालो, "वाटेत सिद्धेश्वराची विभूती लावू आणि तसंच पुढे जाऊ." देवळात रांग होती. शिवू वैजूच्या खांद्यावर किरकिरत होता, मग त्याचं किरकिरणंही बारीक झालं.

आमच्या मागे परडीत बेल घेतलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन त्याचं तोंड वळवून पाहिलं.

"आजोबा, बाळ रडतंय, पण डोळ्यांत पाणी कुठंय? आणि डोळे बघा की किती खोल गेलेत. शू कधी केली होती?"

"काल रात्री," वैजू म्हणाली.

"मग रांगेत काय करताय बाई? मी लहान मुलांची डॉक्टर हाय. चला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आता चारच माणसं पुढे आहेत."

"सिद्धेश्वर कुटं जातोय? उद्याबी हितंच असणार. बाळाचं तसं न्हाय." परडी त्यांनी शेजारणीच्या हातात दिली आणि आम्हाला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. घाईत चपला देवळातच राहिल्या होत्या.

शिवूची शीर सापडेना. सुई टोचली तरी तो हलला नाही. वैजू भिंतीला टेकून उभी होती. मी देवाला काही मागायला गेलो, तर शब्दच येईनात. एवढंच म्हणालो, आता तूच बघ. पत्नी गेल्यानंतर मी त्याच्याशी पहिल्यांदा बोललो तो तेव्हाच.

संध्याकाळीही सलाइन चालूच होतं. वैजूने बाईंना विचारलं, "आईच्या प्रसादानंच असं कसं झालं?" त्या तिच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "प्रसादाचा दोष न्हाय आणि तुझाही न्हाय. दुधाची खीर उन्हाळ्यात दिवसभर बाहेर राहिली की तिच्यात जंतू वाढतात. तुम्ही मोठी माणसं पचवता. एवढ्या बाळात ती ताकद अजून आलेली नसते, आणि जुलाबांनी त्याच्या अंगातलं पाणी लई लवकर जातं. म्हणून पाणी कधी तोडायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी नर्स सुई बदलायला आली. शिवूने हात ओढून घेतला आणि मोठ्याने भोकाड पसरलं. गालांवरून खरेखुरे अश्रू ओघळले. वैजू ते पुसायला गेली आणि मध्येच थांबली. "अप्पा, बघा ना!" म्हणून हसत हसत तीही रडू लागली.

आता खीर ताजी करतो. शिवू आला असला की आधी त्याला गरम गरम भरवतो आणि मग फोटोपुढे ठेवतो. ती असती तर तिनेही आधी त्यालाच दिलं असतं. त्या बाई आमच्याच मागे का उभ्या होत्या, हे मी कुणाला विचारत नाही. देवाच्या हाती सोपवणं म्हणजे आपल्या जागी घट्ट उभं राहणं, असं मला वाटे. त्या सोमवारी दर्शन न घेताच मला रांगेतून बाहेर पडावं लागलं, आणि त्याबद्दल मी रोज त्याचे आभार मानतो.