गोऱ्याची ओव्हर

आखातातल्या आमच्या रुसैलच्या फॅक्टरीत सेफ्टी ऑफिसर म्हणून एक गोरा आला आणि आठवड्याभरात सगळ्यांना नकोसा झाला. उन्हात कोणी हेल्मेट काढलं की हा हजर. आमची पोरं राजापूर-कणकवलीकडची, तोंडाने फटकळ. त्याच्यासमोर उभं राहून ती त्याला मालवणीतून जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो हसून मान डोलवायचा. मला त्याचा रागच होता. मी स्टोअरचा सुपरवायझर, इतकी वर्षं इथे घासली, आणि हा काल येऊन एसी केबिनमध्ये बसला.

मग कळलं की हा एके काळी बेसबॉलचा व्यावसायिक खेळाडू होता. जन्म कॅनडातला, गाव असं की अर्धं वर्ष मैदानावर बर्फ. अमेरिकेत जाऊन तो पिचर झाला, म्हणजे चेंडू टाकणारा. छोट्या गावांच्या संघांतून बसने फिरला. एका संघाने दुसऱ्याला देऊन टाकला, दुसऱ्याने तिसऱ्याला. मोठ्या संघाचं बोलावणं एकदाच आलं. त्या संध्याकाळी त्याचा एकही चेंडू जागेवर पडेना. मॅनेजर बाकावरून उठून चालत आला आणि त्याने नुसता हात पुढे केला. याने चेंडू त्या हातात ठेवला आणि मैदानाबाहेर गेला. पुन्हा कोणी बोलावलं नाही. हे त्याने मला चहाच्या वेळी सांगितलं.

"आणि याला तू करिअर म्हणतोस?" मी विचारलं. तो हो म्हणाला. मला हसू आवरलं नाही.

आमचे साहेब पुण्याचे, बसायचे शहरात, अल् खुवैरच्या ऑफिसात. शुक्रवारच्या क्रिकेट लीगमध्ये आम्ही फायनलला पोचलो तेव्हा ते मुद्दाम फॅक्टरीत आले. मी संघाचा कॅप्टन.

"अरे, आपल्याकडे प्रोफेशनल माणूस असताना तू त्याला बसवून ठेवतोस? बॉलिंग दे त्याला."

"साहेब, तो फेकी टाकणार. त्यांच्या खेळात कोपर वाकवून फेकतात. आपल्यात तो नोबॉल."

"मग हात सरळ ठेवायला शिकव की! त्यात काय एवढं?" मग गोऱ्याकडे वळून ते इंग्रजीत म्हणाले, "फायनल जिंकून दे, तुझं कन्फर्मेशन पक्कं."

ते हसत म्हणाले, पण साहेब हसत बोललेलं खरं करतात हे फॅक्टरीत सगळ्यांना ठाऊक होतं. गोऱ्याचं प्रोबेशन संपत आलं होतं. पन्नाशी उलटलेली, घटस्फोट झालेला, परत जायला घर नाही. ही नोकरी गेली तर दुसरी कोणी देणार नव्हतं, हे तो स्वतःच सांगायचा.

गोडाऊनच्या मागे मी त्याला रोज संध्याकाळी शिकवलं. हळू टाकला तर हात सरळ राही, पण मग चेंडू भलतीकडे जाई. जोर लावला की कोपर वाकलंच. जित्याची खोड.

फायनलला साहेब पाहुण्यांना घेऊन आले. शहरातल्या अल् घुब्राहून ऑफिसवाल्यांची बायका-मुलंही आली, पाहुण्यांचा तंबू भरला. साहेबांनी तंबूतूनच खूण केली आणि मी चेंडू गोऱ्याला दिला. पहिला चेंडू असा गेला की बॅट्समनला दिसलासुद्धा नाही. अंपायरने हात आडवा केला. नोबॉल. दुसराही नोबॉल. तिसरा त्याने हात सरळ ठेवून टाकला तर विकेटकीपरच्या डोक्यावरून गेला. वाइड. पुन्हा नोबॉल. समोरचे खेळाडू "फेकी! फेकी!" ओरडायला लागले आणि आमचेही हसायला लागले. "ह्याका बॉल कोणी दिल्यान रे?" असं आमच्याच पोराने माझ्या देखत विचारलं.

जरा सावकाश टाक, एवढंच सांगायला मी त्याच्याकडे चालत निघालो. मला येताना पाहून तो थांबला आणि त्याने चेंडू माझ्यापुढे धरला.

"ठेव तुझ्याजवळ," मी म्हटलं. "आमच्यात मध्येच बॉलर बदलत नाहीत. सहा चेंडू बरोबर पडेपर्यंत तूच."

"आणि पडलेच नाहीत तर?"

"तर टाकत राहायचं. नाहीतर खांदा दुखतोय म्हण आणि बाहेर जा. ते चालतं."

त्याने तंबूकडे पाहिलं. साहेब पाहुण्यांना काहीतरी समजावत होते. "बाहेर गेलो तर नोकरीचं काय?" त्याने विचारलं. मी माझ्या जागेवर परत गेलो. तो पुन्हा मार्कवर गेला आणि पुन्हा नोबॉल टाकला.

शेवटी समोरच्या कॅप्टनलाच दया आली, किंवा कंटाळा. तो अंपायरला म्हणाला, "अंडरआर्म डालने दो, भाई. हमको चलेगा." मग तो एवढा धिप्पाड गोरा कमरेत वाकला आणि लहान पोराला टाकावा तसा सुळकन खालून चेंडू टाकायला लागला. बॅट्समनने प्रत्येक चेंडू मैदानाबाहेर घालवला. प्रत्येक सिक्सला तंबूत टाळ्या. एका बाईच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. मला भयंकर संताप आला. साहेबांचा आला, त्या बाईचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या गोऱ्याचा, कारण तो चेंडू टाकून देऊन चालता होत नव्हता.

आम्ही हरलो. रविवारी साहेबांनी आम्हा दोघांना अल् खुवैरला बोलावलं. गोरा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याला बाहेर बसवून साहेबांनी आधी मला आत घेतलं.

"कन्फर्म करतोय त्याला," साहेब म्हणाले. "गेस्ट लोकांनी काय एन्जॉय केलं रे! अजून फोन येतायत. फक्त एक. दर वर्षी फायनलला एक ओव्हर याची. सांग त्याला."

मी बाहेर येऊन त्याला सांगितलं. वर माझ्या पदरचंही सांगितलं, "हो म्हणू नकोस. त्यांना तू हसायला हवा आहेस."

"ते कळतं मला," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "दर वर्षी म्हणाले? नक्की?"

"नक्की."

"पुढच्या वर्षीही ठेवू, असं मला कुठल्याच संघाने कधी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला, आणि शर्ट नीट खोचून आत गेला.