शेवटच्या बाकावरचा भाऊ

हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. धाकट्या भावाला प्रभुभोजनापासून, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीपासून, दूर ठेवा, असं मी चर्चच्या मंडळीच्या पंच कमिटीत म्हणालो, त्या काळात मी स्वतः दारू पीत होतो.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे मी विक्री सांभाळतो. सौदा ठरला की दुपारी गिऱ्हाइकाबरोबर बसायचं, ही तिथली रीत. काही वर्षं मी सोडा घेऊन बसलो. "काय फादर, आज तरी?" म्हणून सगळे हसायचे. मी फादर नाही, पनवेलच्या आमच्या लहानशा, दारू वर्ज्य मानणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळीतला एक पंच. पण हे समजावण्यापेक्षा ग्लास उचलणं सोपं वाटलं. उचलला, तसं चिडवणं थांबलं.

भावाला हे ठाऊक होतं. तो टेम्पो चालवायचा. एका दुपारी त्यानेच मला हॉटेलच्या पायरीवरून उठवून घरी आणलं आणि माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, दादाला ऊन लागलंय. ताक द्या जरा."

पुढच्या उन्हाळ्यात तो मित्राच्या हळदीला गेला. आमच्याकडच्या हळदी म्हणजे डीजे आणि बाटल्या. डोक्यावर बिअरची बाटली धरून नाचतानाचा त्याचा व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवर आला. कमिटी बसली. आमचे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, म्हणाले, "पहिलीच वेळ आहे, समज देऊन सोडू."

"नको," मी म्हणालो. "पंचाचा भाऊ म्हणून सोडला, असं व्हायला नको. तीन महिने प्रभुभोजन नाही."

समज द्यायला पाळकसाहेब त्याला घेऊन बसले, तर तो माझं नाव घेईल, ही भीती होती. म्हणून मीच सगळ्यांत कडक झालो. तोही समोर बसला होता. काही बोलायचंय का, असं पाळकसाहेबांनी त्याला विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "नाही. दादा म्हणतो ते बरोबर आहे."

पुढच्या प्रभुभोजनाला तो शेवटच्या बाकावर बसला. त्या बाजूला भाकरीचं ताट माझ्याच हातात होतं. मी ते त्याच्यासमोरून पुढे नेलं. त्याने दोन्ही हात मांडीखाली घेतले होते. त्यानंतर तो आलाच नाही. मुदत संपल्यावर पाळकसाहेब दोनदा म्हणाले, "तुम्ही जाऊन आणा त्याला." जातो म्हणालो. नाही गेलो.

गेल्या वर्षी त्याला हृदयविकाराचा झटका आला. हॉस्पिटलमध्ये म्हणाला, "दादा, प्रभुभोजन आता तरी मिळेल ना रे मला?"

"पाळकसाहेबांना विचारतो," मी म्हणालो.

विचारायचं काय होतं? मुदत केव्हाच संपली होती. पण पाळक उशाशी बसले की हा मन मोकळं करणार आणि त्यात मीही निघणार, असं वाटलं. फोन केला तो दुसऱ्या दिवशी. पाळकसाहेब लगेच निघाले. ते खारघरच्या पुढे आले असतील, तेवढ्यात मी परत फोन करून सांगितलं, "सावकाश या." भाऊ गेला होता.

त्याची बायको एका रविवारी मला म्हणाली, "दादा, ते प्रभुभोजनाशिवाय तसेच गेले. देवाने घेतलं असेल ना त्यांना जवळ?" देव दयाळू आहे, असं मी म्हणालो. वाक्य खरं होतं. ते बोलायचा हक्क मला नव्हता.

भाऊ गेला त्या दिवसापासून दारू सोडली. त्याने काही फिटत नाही. मंडळीपुढे उभं राहून, त्याच्या बायकोदेखत, मला सांगायचं आहे की त्या बैठकीत दोषी मी होतो आणि तो गप्प राहिला तो माझ्यासाठी. ते मी अजून सांगितलेलं नाही.